आधी गाणे, मग सिड: ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची हकिकत

माझ्याकडे गिटार शिकणाऱ्या एका मुलाने मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे गाणे नेमके कोणावर आहे? बँडचा माजी गायक-गिटारवादक सिड बॅरेट एके दिवशी न सांगता स्टुडिओत आला आणि त्याला पाहून हे गाणे सुचले, असे जे सांगितले जाते ते खरे आहे का? आणि सव्वीस मिनिटांच्या या रचनेचे दोन तुकडे करून ते ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या अल्बमच्या दोन टोकांना का ठेवले? मी गेली अठ्ठावीस वर्षे पुण्यात गिटार वाजवतो आणि शिकवतो, त्यांतली बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाचे कामही केले आहे. या गाण्याकडे मी जितक्या वेळा परत आलो, तितक्या वेळा दुसऱ्या कुठल्याही रॉक गाण्याकडे आलेलो नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली गाठ सुटली की बाकीच्या दोन सैल होतात. सिडला पाहून हे गाणे सुचले, ही गोष्ट खरी नाही. गाण्याची पहिली जुळणी १९७४ च्या सुरुवातीला लंडनमधल्या किंग्ज क्रॉस भागातल्या एका सरावाच्या खोलीत झाली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्सच्या दौऱ्यात बँडने ते श्रोत्यांसमोर वाजवलेही. सिड स्टुडिओत आला तो जून १९७५ मध्ये. मधे अख्खे एक वर्ष गेले होते. ती भेट घडली हे खरे आहे, आणि ती जशी घडली तशी ऐकली तरी अंगावर काटा येतो. पण सांगणाऱ्यांनी कार्य आधी आणि कारण नंतर अशी उलटापालट करून टाकली, आणि त्यात गाण्याचा खरा उगम झाकला गेला. हा उगम चार सुरांचा आहे.

त्या चार सुरांपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागे, इंग्लंडमधल्या केंब्रिज या गावी जावे लागते. रॉजर कीथ बॅरेट, म्हणजे आपला सिड, तिथेच ६ जानेवारी १९४६ रोजी जन्मला. पुढे बँडचा गिटारवादक झालेला डेव्हिड गिल्मोर त्याच्याहून दोनच महिन्यांनी लहान आणि त्याच गावचा. बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स दोघांपेक्षा थोडा मोठा. तो आणि सिड एकाच शाळेतले. गिल्मोर आणि सिड यांनी कॉलेजच्या दिवसांत एकमेकांच्या सोबतीने गिटारवर हात बसवला, आणि १९६५ च्या उन्हाळ्यात दोघे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रस्त्यात उभे राहून गाणी म्हणत फिरले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे ज्याने सिडची जागा घेतली तो कोणी बाहेरून आणलेला वादक नव्हता, सिडचा जुना मित्र होता. आणि हे गाणे ज्या सुरांतून निघाले ते याच मित्राच्या बोटांतून आले.

लंडनमध्ये वास्तुकला शिकणारे वॉटर्स, रिक राइट (कीबोर्ड) आणि निक मेसन (ड्रम्स) यांच्याबरोबर सिड आला तेव्हा बँडला आकार आला. ‘पिंक फ्लॉइड’ हे नावही त्यानेच दिले. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांतले पहिले शब्द त्याने जोडले. १९६७ हे सगळे वर्ष त्याचे होते. ‘अर्नोल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ ही गाणी त्याची, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बममधली जवळजवळ सगळी गाणीही त्याचीच. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र तो हातातून निसटू लागला. एलएसडी या अमली पदार्थाचे सेवन, अचानक आलेल्या प्रसिद्धीचा ताण आणि मनाची आधीपासूनची नाजूक घडण या सगळ्यांचा त्यात वाटा होता असे त्याच्या जवळच्यांनी सांगितले आहे. आपण दुरून त्यावर एखाद्या रोगाचे नाव चिकटवू नये, असे मला वाटते. रंगमंचावर तो कधी एकच सूर छेडत राही, कधी वाजवतच नसे. गिल्मोरला पाचवा म्हणून घेतले गेले, आणि जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना, आज सिडला घ्यायला जायचेच नाही, असे गाडीत ठरले. भांडण झाले नाही, निरोप दिला गेला नाही. गाडी फक्त त्याच्या दाराशी थांबली नाही. एप्रिलमध्ये तो बँडमध्ये नसल्याचे जाहीर झाले.

त्या न थांबलेल्या गाडीचे ओझे या मंडळींनी पुढे कायम वाहिले. सिडचा ‘द मॅडकॅप लाफ्स’ हा पहिला एकल अल्बम रखडला तेव्हा गिल्मोर आणि वॉटर्स यांनी तो हातात घेऊन पुरा केला. १९७० मधल्याच दुसऱ्या अल्बमला गिल्मोर आणि राइट यांनी हात दिला. त्यानंतर सिड हळूहळू संगीतातूनच बाजूला झाला.

आता १९७३ मध्ये येऊ. मार्चमध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम आला आणि चौघांना हवे ते सगळे एका दमात मिळाले. अशा यशानंतर जे रितेपण येते ते त्यांना चांगलेच जाणवले. पुढे काय करायचे ते सुचेना, तेव्हा त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला: एकही वाद्य न वापरता फक्त घरातल्या वस्तूंवर अल्बम करायचा. रबरबँड ताणून बास, बाटल्या, झाडू, आणि पाण्याने कमीजास्त भरलेले वाइनचे पेले. काही आठवडे गेले, फारसे काही हाती लागले नाही, आणि तो बेत सोडून दिला. पण पेल्यांचे ध्वनिमुद्रण उरले. ओले बोट पेल्याच्या कडेवरून फिरवले की एक सूर निघतो आणि बोट फिरते आहे तोवर टिकून राहतो. आपल्या जलतरंगात भांड्यावर आघात होतो आणि सूर लगेच विरतो; इथे आघातच नाही, त्यामुळे सूर कुठून सुरू झाला ते कानाला कळत नाही. ‘शाइन ऑन’ च्या अगदी आरंभी जो धुक्यासारखा नाद उगवतो, त्यात हे पेले आहेत. फसलेल्या प्रयोगातली ती एक चीज कामी आली.

आणि मग किंग्ज क्रॉसची ती खोली. नव्या गाण्यांचा सराव चालू असताना गिल्मोरच्या बोटांखाली चार सुरांची एक ओळ आली. त्याच्या सांगण्याप्रमाणे ती त्याने ठरवून रचली नव्हती, गिटारमधून आपसूक बाहेर पडली. पाश्चात्त्य नावांनी हे सूर बी फ्लॅट, एफ, जी आणि ई असे आहेत. जी हा षड्ज धरला, कारण सगळा पूर्वार्ध जी मायनरच्या आसेवर उभा आहे, तर आपल्या सरगमीत ते होतात: कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. पहिल्यावरून दुसरा वर जातो, तिसरा खाली येतो, चौथा पुन्हा वर. प्रत्येक सूर पुढच्या सुरात मिसळत वाजत राहतो, आणि चौथ्यानंतर शांतता.

ही ओळ का टोचते याचे उत्तर सुरांतच आहे, आणि ते मी वर्गात नेहमी करून दाखवतो. वरचे दोन सूर, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत, यांत फक्त अर्ध्या स्वराचे अंतर आहे. म्हणजे वरचा आवाज एक लहानसा उसासा टाकून खाली उतरतो. षड्ज तिसऱ्या क्रमांकावर येऊन जातो. ओळ त्याच्यावर विसावत नाही, धैवतावर लटकत राहते. आणि पहिला सूर व शेवटचा सूर यांच्यातले अंतर नेमके षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्याएवढे आहे. कानाला सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या अंतरांपैकी ते एक. जी मायनर म्हटल्यावर धैवत कोमल असेल अशी कानाची अपेक्षा असते. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीला मी तीच ओळ आधी कोमल धैवताने वाजवायला लावली. आसावरीच्या अंगाची सरळ, साधी विराणी ऐकू आली. दुःख होते, पण ओळखीचे, पुरते कळलेले. मग तिने शेवटचे बोट एक घर वर सरकवले आणि शुद्ध धैवत लावला, म्हणजे आपण काफी थाटात आलो. ती थांबली, गिटारवरून हात काढला आणि म्हणाली, “सर, हे कोणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटतंय.” मला यापेक्षा चांगले वर्णन जमलेले नाही.

वॉटर्सलाही त्या ओळीत असेच काहीतरी ऐकू आले. ती ऐकताच त्याला सिड आठवला, आणि शब्द त्यातून आले. म्हणजे सिडवर गाणे करू या असे ठरवून कोणी बसले नव्हते. सूर आधी आले, सुरांनी आठवण जागी केली, आणि आठवणीने शब्द आणले. हा क्रम ज्याच्या ध्यानात येईल त्याला गाण्याचा घाटही समजेल. अल्बमवर ही चार सुरांची ओळ जवळपास चार मिनिटांनी येते आणि पहिला शब्द साडेआठ मिनिटे उलटून गेल्यावर. तोपर्यंत माणसाची आठवण होण्याआधीची जी अवस्था असते, तिच्यातूनच ऐकणाऱ्याला नेले जाते.

शब्द सरळ दुसऱ्या पुरुषात आहेत. ‘तू’ म्हणून हाक मारून बोललेले. तारुण्यातले तेज, मग डोळ्यांत उतरलेला काळोख, मग त्याला एकामागून एक दिलेली संबोधने. त्यांत बासरीवाला आहे, चित्रकार आहे आणि बंदीही आहे. बासरीवाला म्हणजे पहिल्या अल्बमच्या नावातला ‘पायपर’. ते नाव सिडने केनेथ ग्रॅहमच्या मुलांसाठीच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावरून घेतले होते. चित्रकार म्हणजे कला महाविद्यालयात शिकलेला, आयुष्यभर चित्रे काढणारा सिड. पहिल्या ओळींत भूतकाळ आहे, पण ध्रुपदात आज्ञार्थ आहे, ‘चमकत राहा’. जो माणूस गेलेला नाही पण समोरही नाही, त्याच्याशी बोलण्याची ही रीत आहे.

शीर्षकातल्या ‘क्रेझी’ शब्दाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘वेडा हिरा’ असे केले जाते आणि मग सगळे गाणेच एका वेड्या माणसावरचे ठरते. आपल्या भाषेत ‘वेडा’ आणि ‘वेड्या’ यांत फार अंतर आहे. आई रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन ‘अरे वेड्या’ म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आणि त्यात निदान नसते, माया असते. या गाण्यातला शब्द त्या हाकेतला आहे. तुझा पहिला प्रश्न होता की गाणे कोणावर आहे. सिडवर आहे, हे खरेच; पण वॉटर्सने नंतर असेही स्पष्ट केले की सिड इथे एका मोठ्या गोष्टीचे प्रतीक आहे. जगणे सोसवेनासे झाले की माणसे स्वतःच्या आत निघून जातात, देहाने असतात आणि मनाने नसतात. त्या ‘नसण्याचे’ हे गाणे आहे. आणि १९७५ मध्ये तसे नसलेले केवळ केंब्रिजचे सिड बॅरेट नव्हते.

इथे तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. १९७४ मध्ये बँडकडे तीन नवी लांब गाणी होती, ‘शाइन ऑन’ हे त्यांतले एक. ते त्या वर्षी सलग, एकाच दमात वाजवले जाई. नोव्हेंबर १९७४ मधल्या लंडनमधल्या वेम्बलीच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २०११ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आहे, त्यात वीस मिनिटांहून थोडे जास्त चाललेले अखंड गाणे ऐकता येते. गिल्मोरचे म्हणणे होते की तीनही गाणी सरळ ध्वनिमुद्रित करावीत आणि अल्बम पुरा करावा. वॉटर्सला ते पटेना. जानेवारी १९७५ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत काम सुरू झाले तेव्हा चौघेही थकलेले होते, एकमेकांशी तुटक वागत होते, वेळेवर येत नव्हते, आले तरी लक्ष नसे. वॉटर्सने हीच अवस्था विषय म्हणून घेतली. ‘शाइन ऑन’ मधोमध कापावे, अर्धे सुरुवातीला आणि अर्धे शेवटी ठेवावे, आणि मधे या रितेपणावरची नवी गाणी घालावीत, असे त्याने सुचवले. मतदान झाले, गिल्मोर एकटा पडला. बाजूला ठेवलेली दोन गाणी पुढे १९७७ च्या ‘अ‍ॅनिमल्स’ अल्बमवर बदललेल्या नावांनी आली, आणि मधल्या जागेत ‘वेलकम टू द मशीन’, ‘हॅव अ सिगार’ आणि ‘विश यू वेअर हिअर’ ही गाणी आली. शेवटच्याचे नाव अल्बमला मिळाले.

मला वॉटर्सचा निर्णय बरोबर वाटतो, जरी गिटारवादक म्हणून माझे मन गिल्मोरच्या बाजूला ओढले जाते. अखंड गाणे सुंदर आहे, पण त्यात विरहाला जागा नाही. कापल्यावर काय होते पाहा: सिडला मारलेली हाक अर्ध्यावर थांबते, मधे यंत्रे, करार, कंपनीच्या माणसांचे खोटे कौतुक आणि मित्राची आठवण येते, आणि मग वाऱ्याच्या आवाजातून तीच हाक पुन्हा ऐकू येते. मी हा अल्बम प्रथम ऐकला तो एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. दुसरी बाजू संपली की कॅसेट उलटी करून मी पुन्हा खटका दाबत असे, आणि गाण्याचा शेवट त्याच गाण्याच्या आरंभाला येऊन मिळे. पंधरा-सोळाव्या वर्षी मला वाटत होते की हे एकच वर्तुळाकार गाणे आहे आणि मधली गाणी त्याच्या पोटात आहेत. पुढे सगळी हकिकत वाचल्यावर कळले की तो समज फारसा चुकीचा नव्हता.

ध्वनिमुद्रण सोपे गेले नाही. अभियंता ब्रायन हम्फ्रीज हा अ‍ॅबी रोडचा नोकर नव्हता, तिथली यंत्रणा त्याला नवी होती, आणि वॉटर्स व मेसन यांनी कित्येक तास खपून बसवलेल्या बास-ड्रम्सच्या पट्ट्यांवर नकळत प्रतिध्वनीचा थर चढून बसला. ज्यांनी फक्त संगणकावर काम केले आहे त्यांना याचे गांभीर्य कळणे कठीण आहे. आज इको हा वरून चढवलेला कपडा असतो, नको तर काढून टाकता येतो. टेपवर तो मूळ आवाजासकट छापला गेला की रंगात रंग मिसळल्यासारखा होतो. मूळ परत मिळत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका लहान स्टुडिओत टेपवर काम करताना माझ्याही हातून एका गायिकेचा सगळा अंतरा असा भिजला होता. तिने काही न बोलता हेडफोन परत कानाला लावला आणि पुन्हा गायली. पिंक फ्लॉइडलाही तेच करावे लागले: सगळे पुन्हा पहिल्यापासून. मी अल्बमवरचे ड्रम्स ऐकतो तेव्हा त्या संयमित, जड हातामागे दुसऱ्यांदा वाजवण्याचा शीण आहे असे मला वाटते, आणि तो गाण्याला शोभतो.

आता वादनाकडे. या गाण्याच्या चर्चेत गिल्मोरचे नाव आधी येते, आणि ते रास्तच आहे. पण गाण्याची जमीन राइटची आहे. सुरुवातीची दोन मिनिटे तो तंबोरे जुळवून मैफल भरावी तसा जी मायनरचा एकच नाद धरून ठेवतो. हॅमंड ऑर्गन, तंतुवाद्यांच्या समूहाचा आवाज देणारा सिंथेसायझर, त्यावर मिनीमूग या छोट्या सिंथेसायझरचा दूरच्या शिंगासारखा सूर. मग गिल्मोरची गिटार येते, आणि तीही घाई करत नाही. एक वाक्य म्हणते, थांबते, उत्तराची वाट पाहते. त्याच्या वादनात सुरांच्या मधली जागा सुरांइतकीच मोलाची असते. माझ्या विद्यार्थ्यांना नोटेशन बरोबर वाजवता येते, थांबणे जमत नाही. चार सुरांनंतरची ती शांतता दोन-दोन वर्षांनी साधते.

पूर्वार्धाच्या शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो. पॅरीही केंब्रिजच्या दिवसांपासूनचा, गिल्मोरचा जुना साथीदार. तो आधी बॅरिटोन सॅक्सवर खर्जात बोलतो आणि मग टेनर उचलतो, आणि त्याच क्षणी सहाच्या हिशेबात चाललेली लय बाराच्या हिशेबात जाते. प्रत्यक्षात वेग तोच असतो, पण ऐकताना दुगुन केल्यासारखे वाटते. इतका वेळ जड पावलांनी चाललेले गाणे एकदम धावू लागते आणि धावत धावतच पुढच्या गाण्यातल्या यंत्राच्या घरघरीत नाहीसे होते. व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स यांचे साथीचे आवाज ध्रुपदाला जी उंची देतात तीही विसरू नये. वॉटर्सचा आवाज स्वभावतः कोरडा आहे, आणि त्या कोरडेपणाला या दोघींनी ओलावा दिला.

आता ती भेट. जून १९७५ मध्ये, काम शेवटच्या टप्प्यात असताना, एक स्थूल, डोक्याचा आणि भुवयांचाही गुळगुळीत गोटा केलेला माणूस स्टुडिओत आला. तेव्हा ओळखीपाळखीचे लोक येत-जात असत, म्हणून कोणी विचारले नाही. राइटने सांगितले आहे की तो आत आला तेव्हा त्याला हा माणूस वॉटर्सच्या ओळखीचा वाटला. शेवटी वॉटर्सनेच त्याला सांगितले की हा सिड आहे. मेसनलाही ओळख पटली नव्हती. त्या दिवशी काढलेले एक छायाचित्र मेसनने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात छापले. ते पाहिले की त्यांना दोष देता येत नाही. सिड तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. वॉटर्सला रडू आवरले नाही. तपशिलांत चौघांच्या आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, आणि इतक्या धक्क्यानंतर त्या जुळाव्यात अशी अपेक्षाही नको. पण राइटच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी याच गाण्याचे काम चालू होते. ज्याच्या नसण्यावर वर्षभर गाणे घडवले तो समोर सोफ्यावर येऊन बसला होता, आणि ते त्याला ओळखू शकले नाहीत. गाण्यात जे म्हटले होते ते खोलीत खरे झाले. म्हणून लोक गोष्ट उलटी सांगत असावेत. सुलट सांगितली तर ती फार जड होते.

उत्तरार्ध वाऱ्याच्या आवाजातून सुरू होतो. त्यात गिल्मोरची लॅप स्टील गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवलेली. ती एकेक सप्तक चढत किंचाळण्यापर्यंत जाते. मग पुन्हा शब्द येतात, थोडेच. त्यानंतरचा ठेक्यावर चालणारा भाग मला या रचनेतला सर्वांत कमकुवत वाटतो. वादन उत्तम आहे, पण गाणे तिथे क्षणभर आपला विषय विसरते.

आणि मग नववा, शेवटचा भाग येतो. संपूर्ण रचनेवर गिल्मोर, वॉटर्स आणि राइट अशी तिघांची नावे आहेत, पण हा भाग एकट्या राइटचा. चारच्या संथ लयीत, अंत्ययात्रेच्या चालीत तो चालतो. शब्द नाहीत, गिटारचा एकल तुकडा नाही. पियानो, सिंथेसायझर आणि पावले टाकणारे ड्रम्स. अगदी अखेरीस इतका वेळ जी मायनरमध्ये घुटमळलेले गाणे जी मेजरमध्ये जाऊन थांबते, म्हणजे चार सुरांच्या ओळीतला पहिलाच सूर, तो कोमल गंधार, शेवटी शुद्ध होतो. आणि आवाज विरत असताना राइट मिनीमूगवर ‘सी एमिली प्ले’ची चाल हलकेच छेडून जातो, १९६७ च्या उन्हाळ्यातल्या सिडच्या गाण्याची. वॉटर्सने शब्दांत जे सांगितले आणि गिल्मोरने तारांवर जे सांगितले ते राइटने दहाएक सुरांत, कोणाचे लक्ष जाईल न जाईल अशा जागी ठेवले. मला विचाराल तर या गाण्यातली सर्वांत प्रेमळ जागा हीच.

सिड पुढे केंब्रिजला परतला, पुन्हा रॉजर या आपल्या मूळ नावाने राहू लागला, बाग करायचा, चित्रे काढायचा. ७ जुलै २००६ रोजी तो गेला. राइट गेला तो सप्टेंबर २००८ मध्ये. त्या दोघांच्या जाण्याच्या मधे, फेब्रुवारी २००७ मध्ये, वॉटर्स मुंबईत आला होता आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर त्याने हे गाणे वाजवले. आम्ही पुण्याहून सहाजण गेलो होतो. मागच्या मोठ्या पडद्यावर तरुण सिडचे चेहरे उमटत होते, आणि गिल्मोर तिथे नसूनही ते चार सूर वाजले तेव्हा एवढे मैदान एकदम गप्प झाले. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली आणि गाणे संपेपर्यंत परत घातली नाही.

ऐकण्यासाठी माझा सल्ला असा. आधी १९७४ चे वेम्बलीचे अखंड ध्वनिमुद्रण ऐक, म्हणजे सिडच्या भेटीआधी गाणे केवढे उभे राहिले होते ते कळेल. मग अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधली गाणी न गाळता, हेडफोनवर ऐक. पेल्यांचा नाद पहिल्या काही सेकंदांतच आहे, तो कान देऊन शोधावा लागतो. आणि उत्तरार्ध संपत आला की हात लगेच बंद करण्याच्या बटनाकडे नेऊ नकोस. आवाज कमी होत जाईल तसा तू तो वाढवत जा, कारण एमिलीची ती चाल अगदी शेवटच्या क्षणांत आहे आणि ती पूर्ण होण्याआधीच ऐकू येईनाशी होते.